अंगणांतील झाड आणि न्हाणीचें पाणी

घर बांधतांना मनुष्य भिंतींचा विचार पुष्कळ करितो. झाडांचा विचार त्या मानानें फारच थोडा करितो. वस्तुतः हें उलट असावयास पाहिजे. भिंत वांकडी झाली तर गवंडी ती चार दिवसांत पाडून पुन्हां सरळ उभी करून देतो. झाड चुकलें तर ती चूक ध्यानांत येण्यासच दहा वर्षें लागतात, आणि ध्यानांत आल्यावर तिची दुरुस्ती म्हणजे दहा वर्षांच्या वाढीवर कुऱ्हाड घालणें होय. नगरपालिकेच्या हद्दींत तर १९७५ च्या वृक्षसंरक्षणाच्या कायद्यानें ही कुऱ्हाडहि परवानगीवांचून चालवितां येत नाहीं. म्हणून घराच्या अंगणांत व परसांत कोणतें फळझाड व कोणतें सावलीचें झाड लावावें, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाहीं. आमच्या पूर्वजांनीं त्याचीं वेगवेगळ्या काळीं वेगवेगळीं उत्तरें दिलीं आहेत. त्या उत्तरांचा इतिहास, परळी वैजनाथ हें गांव डोळ्यांपुढें ठेवून, वाचकांस सादर करावा असा आमचा हेतु आहे.

परळीच कां, असें कोणी विचारील. कोंकणांत हा प्रश्न फारसा कठीण नाहीं. तेथें फणस, नारळ व पोफळ यांस पाऊसच वाढवितो. निवडीची खरी कसोटी लागते ती पाणी तुटपुंजें असेल तेथें. परळी हें बीड जिल्ह्यांतील गांव बालाघाटच्या रांगांशीं वसलेलें आहे. खालीं सपाटीस काळी जमीन, आणि डोंगराकडे सरकावें तसा मुरूम व खडक. पाऊस बहुतेक सगळा चार महिन्यांत पडून जातो, आणि उन्हाळ्यांत पारा चाळिसाच्या वर चढतो. येथील वैजनाथाविषयीं अशी आख्यायिका आहे कीं, समुद्रमंथनांतून निघालेलें अमृत व धन्वंतरि हे या लिंगांत गुप्त झाले. वैद्यांच्या नाथाचें हें गांव. तेव्हां औषधी झाडांचा मान येथें मोठा असावा हें साहजिकच आहे. बेल, आंवळा व कडुनिंब हीं तिन्ही झाडें या कोरड्या डोंगरकडांस मानवणारीं आहेत, ही गोष्ट मात्र आख्यायिकेहून अधिक महत्त्वाची आहे.

या विषयावरील आपल्याकडील जुन्या लेखनांत वराहमिहिराची बृहत्संहिता प्रमुख होय. सहाव्या शतकांतील या ग्रंथांत वास्तुविद्येचा व वृक्षायुर्वेदाचा असे दोन निरनिराळे अध्याय आहेत, आणि दोन्हींत घराजवळील झाडांचा विचार आहे. वास्तुविद्येंत ग्रंथकार सांगतो कीं, घराच्या अगदीं लगत कांटेरी झाडें असूं नयेत, त्यांनीं शत्रूचें भय उत्पन्न होतें. चीक असलेलीं झाडें असूं नयेत, त्यांनीं द्रव्याचा नाश होतो. फळझाडेंहि असूं नयेत, त्यांनीं संततीची हानि होते. आजचा सुशिक्षित वाचक हें वाचून हंसतो आणि पान उलटतो. आमच्या मतें त्यानें जरा थांबावें. चीक असलेलीं झाडें म्हणजे मुख्यतः वड, पिंपळ, उंबर यांचें कुटुंब. पांखरांच्या विष्ठेंतून पडलेलें पिंपळाचें बीं माळवदाच्या फटींत रुजलें म्हणजे मातीच्या घराचें काय होतें, हें मराठवाड्यांतील कोणत्याहि पडक्या वाड्याकडे पाहून समजेल. मूळ भिंतींत शिरतें, भिंत फुटते, पावसाळ्याचें पाणी आंत मुरतें, आणि घरधन्यास दरसाल गवंडी बोलवावा लागतो. यास द्रव्यनाश म्हणावयाचें नाहीं तर काय म्हणावयाचें? फळझाडाखालीं दगड मारणारीं व फांदीवरून पडणारीं मुलें, आणि त्यांवरून शेजाऱ्यापाजाऱ्यांत होणारीं भांडणें, यांचा अनुभव ज्यास आहे, त्यास तिसऱ्या नियमाचाहि अर्थ लागूं शकेल. आमचें म्हणणें इतकेंच कीं, भीति घालून सांगितलेल्या नियमांच्या पोटांत पुष्कळदां व्यवहार दडलेला असतो.

शिवाय हा ग्रंथकार हट्टी नाहीं. असलीं झाडें तोडवत नसतील तर त्यांच्यामधून चांगलीं झाडें लावावीं, अशी तोड तो पुढेंच सुचवितो. आणि त्या चांगल्या झाडांच्या यादींत अशोक, बकुळ, अरिष्ट, शमी यांच्याबरोबर फणसहि घालतो. अरिष्ट म्हणजे कडुनिंब असा अर्थ बहुधा करितात. फणसास तर चीकहि आहे आणि फळहि आहे! तेव्हां नियम हा झाडाच्या जातीपेक्षां त्याच्या अंतराविषयीं अधिक होता, असें दिसतें. वृक्षायुर्वेदाच्या अध्यायांत हें अंतर स्पष्टच सांगितलें आहे: दोन झाडांत वीस हात अंतर उत्तम, सोळा हात मध्यम, आणि बारा हातांहून कमी असूं नये. हात दीड फुटाचा धरला तर हीं अंतरें अनुक्रमें तीस, चोवीस व अठरा फूट होतात. आजचे फळबागांचे जाणकार आंब्याच्या मोठ्या झाडास दहा मीटर, म्हणजे सुमारें तेहतीस फूट, आणि सीताफळास पांच मीटर, म्हणजे सोळा-सतरा फूट अंतर सांगतात. दीड हजार वर्षांच्या दोन टोकांवरील हीं मापें किती जवळ येतात, हें पाहण्यासारखें आहे. याचा उलट हिशेब असा कीं, तीस फूट रुंद व चाळीस फूट लांब अशा आजच्या जागेंत घर वजा जातां उत्तम अंतरानें एकच मोठें झाड बसतें. निवड म्हणजे काय हें या एका आकड्यांत आलें.

याच संदर्भांत एका प्रसिद्ध सुभाषिताचा उल्लेख केला पाहिजे. एक पिंपळ, एक कडुनिंब, एक वड, दहा चिंचा. कवठ, बेल व आंवळा यांचीं तीन तीन झाडें. आणि पांच आंबे, इतकीं लावणारा मनुष्य नरक पाहत नाहीं, असा त्याचा आशय आहे. हे सुभाषित सांगून अंगणांत वड लावणारे सद्गृहस्थ आहेत. परंतु झाडांची बेरीज करून पाहावी. ती सत्तावीस होते. ही यादी घराच्या अंगणाची नव्हे, गांवच्या आमराईची व वाटेकांठच्या सावलीची आहे. पार वडाला असतो तो वेशीजवळ, चुलीजवळ नव्हे. धर्मकृत्य गांवाच्या जागेंत करावयाचें, आणि घराच्या जागेंत घरास झेपेल तेंच लावावयाचें, हा विवेक जुन्या लोकांस होता. आज तो सुटला आहे. कारण गांवाची सामाईक जागाच उरली नाहीं.

फळझाडाची मालकी व माया यांविषयीं मराठ्यांच्या राज्यांत किती सूक्ष्म विचार झाला होता, याची साक्ष रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत सांपडते. इ. स. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथांत आरमाराच्या लांकडाचा प्रश्न आला आहे. आंबा व फणस यांचें लांकूड जहाजांस उपयोगी असतें. तरी त्यांस हात लावूं नये, अशी ताकीद तेथें आहे. कारण हीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लेंकरांसारखीं बहुत काळ जतन करून वाढविलेलीं असतात. तीं तोडल्यावर तिच्या दुःखास पार राहत नाहीं. एखादें झाड अगदीं जीर्ण झालें असेल तरच धन्यास राजी करून व मोल देऊन तें घ्यावें. दुसऱ्या एका स्थळीं, गडावर असलेलीं झाडें राखावीं आणि नवीं लावावीं, वेळेस त्यांचें लांकूड तरी उपयोगीं पडेल, असें सांगितलें आहे. राजकारणाच्या ग्रंथांत झाडाच्या वयाची ही जाणीव आढळावी, ही आम्हांस मोठी अभिमानाची गोष्ट वाटते. राजाज्ञेनें सैन्य उभें राहतें. आंबा उभा राहत नाहीं.

याच कालखंडाच्या आगेंमागें आपल्या परसाचें रूप मुळापासून बदलत होतें. पोर्तुगीज लोक पश्चिम किनाऱ्यावर उतरले, आणि त्यांच्या जहाजांबरोबर अमेरिका खंडांतील झाडें आलीं. पेरू, पपई, काजू, सीताफळ, रामफळ हीं सगळीं तिकडचीं.  भारहूतच्या शिल्पांत सीताफळासारखीं फळें दिसतात, म्हणून तें येथें पूर्वीपासून होतें असें कनिंगहॅमसारख्या पुराणवस्तुशास्त्रज्ञानें प्रतिपादिलें होतें. परंतु झाडाचें मूळ घर अमेरिकाच, हा वनस्पतिशास्त्रज्ञांचा निर्णय होय. आमच्या लोकांनीं मात्र एकास सीतेचें व दुसऱ्यास रामाचें नांव देऊन हा वाद आपल्यापुरता मिटवून टाकला.

बालाघाटानें सीताफळ जितकें आपलेंसें केलें तितकें क्वचितच दुसऱ्या कोणत्या मुलुखानें केलें असेल. याची कारणें झाडाच्या स्वभावांत आहेत. त्याचा पाला शेळ्यामेंढ्या खात नाहींत. म्हणून कुंपणावांचून तें डोंगरावर टिकतें. उन्हाळ्यांत तें पानें टाकून निजतें. म्हणून ज्या महिन्यांत पाणी नसतें त्या महिन्यांत तें पाणी मागत नाहीं. पावसाबरोबर जागें होतें, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास फळ देऊन मोकळें होतें. खडकाळ मुरुमांत तें जगतें. पाणी साचलेली काळी चिकण माती मात्र त्यास सोसत नाहीं. परळीपासून जवळच अंबाजोगाई येथें कृषि विद्यापीठाचें सीताफळ संशोधन केंद्र आहे. आणि २०१६ सालीं बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकन मिळालें. परदेशांतून आलेलें झाड चार-पांचशें वर्षांत जिल्ह्याची ओळख होऊन बसलें. यावरून झाड देशी कीं विदेशी हा वाद निवडीच्या कामीं फार उपयोगी नाहीं, हें उघड होतें. त्याचा स्वभाव आपल्या पावसाशीं जुळतो कीं नाहीं, हें पाहावें.

आतां घराकडे वळूं. मराठवाड्यांतील जुनें घर म्हणजे धाब्याचें घर. जाड भिंती, वर मातीचें माळवद, पुढें अंगण, मागें परस, आणि ऐपत असेल तर परसांत आड. या परसाची खरी मालकीण घरांतील बाई होय, आणि त्याचा खरा पाटबंधारा म्हणजे न्हाणीचें पाणी. माणशी वीस लिटर धरलें तर पांच माणसांच्या घरांतून रोज शंभर लिटर पाणी मोरीवाटें बाहेर पडतें. तें एका दांडानें परसांत जाई. तोंडाशीं केळ व अळू, कारण त्यांची तहान मोठी. थोड्या अंतरावर उंचवट्यावर पपई, कारण बुंध्याशीं पाणी साचलें तर ती कुजते. त्यापलीकडे कढीलिंब, लिंबू, शेवगा. शेंड्यापासून बुडख्यापर्यंत ठिसूळ असा हा शेवगा घराच्या अंगावर नको, पण कुंपणाशीं हवा. ही रचना कोणत्याहि ग्रंथांत लिहिलेली नव्हती. सासूनें सुनेस दाखविली, सुनेनें पुढें नेली. आपल्याकडील उद्यानविद्येचा इतिहास राजांच्या बागांवरून लिहिला जातो. तो परसांवरून लिहिला तर त्यांतील बहुतेक नांवें स्त्रियांचीं निघतील, आणि तीं कोठेंच नोंदलेलीं नाहींत.

विसाव्या शतकांत कलमांचा काळ आला. पुण्याच्या गणेशखिंडींतील सरकारी फळबागेंत डॉ. चीमा यांनीं १९२७ सालीं लखनौकडील बियांपासून वाढविलेल्या रोपांतून पेरूची ‘लखनौ ४९’ ही जात निवडली. तीच आज ‘सरदार’ या नांवानें घरोघर आहे. आळंदीकडील डाळिंबांतून १९३६ च्या सुमारास तेथेंच निवडलेली जात पुढें ‘गणेश’ या नांवानें प्रसिद्ध झाली. मराठवाडा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. १९४८ च्या सप्टेंबरांत तो मुक्त झाला, आणि १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला. परभणीस कृषि विद्यापीठ स्थापन झालें तें १९७२ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं दुष्काळानें महाराष्ट्र होरपळून निघाला त्याच वर्षीं. पुढें १९९० पासून रोजगार हमीशीं जोडलेली फळबागेची योजना आली, आणि केशर आंब्याचीं कलमें गांवोगांव पोंचलीं. पूर्वीं घरीं असे तो रायवळ आंबा. शेप्या, खोबऱ्या, साखऱ्या अशीं चवीवरून पडलेलीं त्याचीं नांवें झाडागणिक निराळीं. त्यास फळ येण्यास आठ-दहा वर्षें लागत. कलमास चार-पांच वर्षें पुरतात. पण रायवळाचें सोटमूळ खोल जाई, आणि पिशवींत वाढलेल्या कलमाचें तितकें जात नाहीं. म्हणून कोरड्या मुलुखांत कोय जागेवरच रुजवून तिच्यावर मागाहून कलम बांधण्याची जी पद्धत जाणकार सांगतात, ती आम्हांस फार शहाणपणाची वाटते. फळ नव्याचें व मूळ जुन्याचें, असा तो समेट आहे.

याच काळांत परसाचा पाया मात्र खचत गेला. नळ आले, आड बुजले. सांडपाणी गटारांत गेलें, आणि केळीच्या तोंडचें पाणी गांवाबाहेरच्या नाल्यास मिळालें. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधनविहिरींचीं यंत्रें आलीं. जमिनीखालचें पाणी अधिकाधिक खोल जाऊं लागलें. परळीस १९७१ सालीं औष्णिक वीजकेंद्र सुरू झालें. गांव वाढलें, आणि पानांवर बसणाऱ्या राखेची तक्रारहि वाढली. २०१३ सालीं तर पाण्याअभावीं तें केंद्रच बंद ठेवावें लागलें. २०१६ च्या उन्हाळ्यांत शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. अशा मुलुखांत लोक अंगणास फरशी घालूं लागले, आणि तिच्या कडेनें उंच, निमुळता, सावली न देणारा आसुपालव ‘अशोक’ म्हणून लावूं लागले. खरा अशोक तो नव्हे. दुसरा मान गुलमोहोरास मिळाला. मादागास्करांतून आलेलें हें झाड फुलतें तेव्हां डोळ्याचें पारणें फिटतें, हें खरें. परंतु चैत्र-वैशाखांत, ज्या वेळीं सावलीची सर्वांत अधिक गरज, त्याच वेळीं तें बहुधा पानांवांचून उभें असतें. कडुनिंबाचें नेमकें उलट. तो माघ-फाल्गुनांत जुनीं पानें टाकतो आणि पाडव्यास नवी पालवी घेऊन तयार राहतो.

येथवर आम्हीं जीं उत्तरें पाहिलीं, त्या सगळ्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: घरधनी घरीं आहे. वराहमिहिराचा गृहस्थ घरीं आहे, आणि न्हाणीचा दांड वळविणारी बाईहि घरीं आहे. बीड जिल्ह्याची आजची स्थिति तशी नाहीं. येथील अगणित कुटुंबें दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत उसाच्या तोडणीस जातात, आणि उन्हाळा तोंडाशीं आल्यावर परत येतात. मागें राहतात तीं म्हातारीं माणसें, किंवा नुसतें कुलूप. दुसऱ्याच्या शेतांतील पाण्यावर पोसलेला ऊस तोडून आपल्या कोरड्या अंगणांत परत येणारें हें कुटुंब, त्याच्या दारांत कोणतें झाड असावें? आमच्या मतें अंगणाच्या शास्त्राचा आजचा खरा प्रश्न हा आहे, आणि रोपवाटिकेच्या फलकांवर त्याचें उत्तर मिळत नाहीं.

तें उत्तर मात्र वर आलेल्या इतिहासांतच आहे. जाण्यापूर्वीं फळ देऊन निजणारें सीताफळ, आणि परत येण्याच्या वेळीं पालवणारा कडुनिंब, ही जोडी या कुटुंबासाठींच घडविल्यासारखी आहे. पहिलीं दोन-तीन वर्षें रोपास जपावें लागतें. त्या काळापुरतें मागें राहिलेल्या म्हातारीच्या हातचें घागरभर पाणी पुरतें. पुढें तीं झाडें आपलीं आपण राहतात.

जागेविषयीं सूर्याकडे पाहून ठरवावें. परळी सुमारें एकोणीस उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळें मे महिन्याच्या मध्यास दोन प्रहरीं सूर्य तेथें अगदीं डोक्यावर येतो, आणि मावळतो तो पश्चिमेच्या किंचित् उत्तरेस. भिंत तापते ती तिसऱ्या प्रहरीं, पश्चिमेकडून. म्हणून मोठें झाड पश्चिमेस किंवा वायव्येस, भिंतीपासून निदान बारा हात दूर लावावें. दक्षिण बाजू मोकळी ठेवावी. हिंवाळ्यांत सूर्य तिकडे कलतो, आणि तेव्हां ऊन हवेंसें असतें. बेल कांटेरी असला तरी त्याचें पान वैजनाथास हवें आणि त्याचें मूळ दुष्काळास पुरून उरतें; त्यास कुंपणाचा कोपरा द्यावा. घरीं बारमास माणूस व न्हाणीचें पाणी असेल तर मोरीच्या बाजूस लिंबू व पेरू, आणि जागा असेल तर एक आंबा. चिंच, वड, पिंपळ हीं शाळेच्या व देवळाच्या आवारांत, सर्वांच्या नांवें लावावीं. आणि फरशी घालावयाचीच असेल तर न्हाणीचें पाणी गटारांत जाण्याआधीं झाडाच्या आळ्यांत जाईल एवढी एक सांड तरी ठेवावी.

अमात्यांनीं झाडास लेंकराची उपमा दिली ती वाढविण्याच्या कष्टांवरून. बीडच्या अंगणांत ती अर्धीच लागू पडते. येथें लेंकरें कोयत्याबरोबर परमुलुखीं जातात, आणि झाड घर सांभाळीत मागें राहतें. ज्यास पाणी देण्यास वर्षांतून सहा महिने कोणी नाहीं, तरीहि जें जगेल, असेंच झाड त्या दारांत लावणें हा हौसेचा विषय नव्हे. परत येणाऱ्या माणसास बसावयास आपली म्हणून चार हात सावली असावी, यासाठीं केलेली ती तरतूद आहे.